नव्वद शब्दांत वन्सं

सोमवार, ३ मार्च

चारशे बारा शब्द! मोजले मी. प्रत्येकाने आपली ओळख नव्वद शब्दांत पाठवा, असं मीच चौघांना कळवलं होतं. वन्संनी चारशे बारा पाठवले. नवऱ्याची थोरली बहीण म्हणून गप्प बसायचं की काय? त्यात 'चौकडीच्या संस्थापक' दोनदा. संस्थापक म्हणे! पहिली तालीम आमच्या बाहेरच्या खोलीत झाली, चार स्टँड मी मांडले होते. पहिलं व्हायोलिन वन्सं, दुसरं मी, व्हायोला टकलूचा, चेलो यांचा. त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून पंधरा तारखेला मोठा कार्यक्रम. आणि मी कुठं? कार्यक्रम ज्या सभागृहात, त्याच्या ऑफिसात. कार्यक्रमपत्रिका छापून घेणारी बाई!

चौदा वर्षं वन्संच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. चारशे बारा शब्दांत माझा उल्लेख एकदाही नाही.

मंगळवार, ४ मार्च

कात्री लावली. एकोणनव्वद झाले. दोन्ही 'संस्थापक' उडाले. काय बरं वाटलं!

गुरुवार, ६ मार्च

नवी फोटो द्यायला आली होती. माझ्या खुर्चीवर बसून तिला अकरा वर्षं झाली, तरी माझ्या तोंडात नवीच. मेली वाजवते मात्र छान. तिच्यावर माझा राग नाही. राग एकाच माणसावर.

सगळं अजून जसंच्या तसं आठवतं. डाव्या मनगटाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने. मी म्हटलं, थांबा ना, सहाच तर महिने! पण रेकॉर्डिंग तोंडावर आलं होतं. तिघं एका दुपारी बसले आणि मला काढून टाकलं. हे घरी आले ते खाली मान घालूनच. "ताई ऐकेना गं. मी परोपरीनं सांगून पाहिलं." रडलेसुद्धा. मीच पाणी आणून दिलं. आठव्या महिन्यात हात ठणठणीत बरा झाला, तोवर सीडी बाजारात आली होती. कव्हरवर चौघं हसतायत.

आणि वन्संनी त्यावर आजतागायत एक शब्द काढलेला नाही. समोर आल्या की दुसरीकडे बघतात. एवढी गुर्मी! एक दिवस, एकच दिवस माझा येऊ दे. चारचौघांत वन्संचं नाक खाली व्हायला हवं आणि मी तिथं हजर हवी. बस्स.

शनिवार, ८ मार्च

आला! माझा दिवस आला!

मजकुरावर सह्या घ्यायला तालमीच्या खोलीकडे गेले होते. दार बंद. आत शेवटचा भाग चालू, तो सगळ्यात जलद. पहिल्या व्हायोलिनचे ते सुसाट तुकडे सुरू झाले आणि माझे कान टवकारले. वन्संच्या व्हायोलिनचा आवाज बारीक, टोकदार. नवीचा जाड. आणि तुकडा जाड आवाजात येत होता! दाराच्या काचेतून पाहिलं. सुसाट वाजवतेय नवी. आणि वन्सं गज सावकाश ओढत लांबलांब सूर धरून बसल्यात. ते सूर माझे! चौदा वर्षं ओढलेत मी ते, झोपेतसुद्धा ओळखेन.

चक्क अदलाबदल केलीय. कारणही दिसलं. डाव्या हाताची करंगळी नुसती वर उभी, तारेवर टेकतच नव्हती. गेला वन्संचा हात!

बाकी कुणाला कळणार नाही. चारही वाद्यं एकदम वाजताना कुठला सूर कुठल्या खुर्चीतून आला, कोण बघतंय? पण मी दुसरं व्हायोलिन वाजवलंय. माझ्यापासून लपवता होय?

रविवार, ९ मार्च

यांना सहज विचारलं, "शेवटच्या भागात काही बदललंत का हो?"

"छे! कुठं काय?" पेपरातून मान वर केली नाही.

बहिणीला पाठीशी घालणं काही सुटत नाही. घाला.

बुधवार, १२ मार्च

चौघांच्या सह्या झाल्या. प्रत्येकाने फक्त आपापला मजकूर वाचला, दुसऱ्याचा वाचायला कुणाला सवड आहे!

सह्या झाल्यावर मी नवीच्या परिचयाला शेवटी एक ओळ जोडली. 'शेवटच्या भागातले पहिल्या व्हायोलिनचे जलद तुकडे या मैफलीत त्याच वाजवणार आहेत.' बास. शिवी नाही, टोमणा नाही. उलट कौतुकच! कुणी विचारलंच तर म्हणेन, खोटं काय आहे यात?

तीनशे प्रती छापायला गेल्या.

शुक्रवार, १४ मार्च

गठ्ठे आले. एक प्रत उघडून ती ओळ चारदा वाचली. पेनानं ती खोडायला घेतली. मग सीडीच्या कव्हरावरचं वन्संचं हसू आठवलं आणि गठ्ठे दाराशी नेऊन ठेवले.

शनिवार, १५ मार्च

मागच्या रांगेच्या मागे उभी होते. मध्यंतरात लोकांना दुसरा उद्योग नसतो, पत्रिका वाचतात. पेपरातला समीक्षक हातात पेन्सिल घेऊनच वाचतो. बघता बघता कुजबुज पुढच्या रांगेपर्यंत गेली.

शेवटचा भाग सुरू झाला. पहिला सुसाट तुकडा आला आणि सगळ्या माना नवीच्या खुर्चीकडे वळल्या! सगळ्या! वन्संच्या लक्षात आलं. मान लालबुंद झाली. गज मात्र थांबला नाही, माझे लांब सूर शेवटपर्यंत ओढले. टाळ्या पडल्या तेव्हा नवी रडकुंडीला आली होती आणि वन्सं खाली बघत होत्या.

जिरली! अकरा वर्षांनी जिरली! घरी येताना मी गुणगुणत होते.

सोमवार, १७ मार्च

पेपरात आलंय. 'पहिल्या खुर्चीवर नक्की कोण?' असा मथळा. हे डोकं धरून बसलेत. "कुणाला कळलं असेल गं हे?" म्हणजे यांनी पत्रिका अजून वाचलेलीच नाही. स्वतःचे नव्वद शब्द वाचले असतील आणि दिली असेल ठेवून! मी म्हटलं, "ऐकणाऱ्याला कळतं."

बुधवार, १९ मार्च

पुढच्या दौऱ्यासाठी आयोजकांना पहिल्या खुर्चीवर नवी हवीय. वन्संनी चौकडी सोडली. मी दुपारी साडी नेसून, केस नीट बांधून ऑफिसात बसले. का कोण जाणे. सणसणीत उत्तरं तयार ठेवली होती. त्या आल्याच नाहीत.

शुक्रवार, २१ मार्च

आज आल्या. पत्रिका टेबलावर ठेवली, ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "तुझंच काम ना हे? खोटं काही नाही यात." मी पत्रिका उलटी करून ठेवली.

मग म्हणाल्या, "तुझा हात दुखावला तेव्हा मी हेच म्हटलं होतं. हिचे अवघड तुकडे मी घेते, माझे सोपे हिला द्या, सहा महिने काढू. टकलू तयार होता. तुझा नवराच अडून बसला. ती राहिली तर मी जातो, म्हणाला. घरचं माणूस म्हणून किती दिवस ओढायचं, म्हणाला."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझा संसार मोडला असता. माझ्यावर राग धरलास तर माझं काय जाणार होतं?"

घरी आले. हे फोनवर होते. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "नवी पहिल्या खुर्चीवर जातेय, दुसरी रिकामी आहे. चांगलं कुणी असेल तर सुचव ना!"

मी आतल्या खोलीत येऊन कडी लावली आणि हे लिहितेय. ते बाहेरून हाका मारतायत, "अगं, सुचलं का कुणी?"