टेपचा शेवट

ब्रॅकनेल, इंग्लंड,
रविवार, १५ ऑक्टोबर २००६

प्रिय मोनी,

तुझं जूनमधलं पत्र चार महिने माझ्या डायरीत पडून आहे. उत्तराला इतका उशीर झाला, माफ कर. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते, पण लायब्ररीत मी आठवड्याला पंचवीसच तास असते. वेळ होता.

आम्ही ठीक आहोत. अवधूतचं ऑफिस जवळ आलंय, चालत जातो. चैत्राली सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावीला, गेली. शनिवारी दिवाळी. मंडळाने स्लाऊला शाळेचा हॉल घेतलाय आणि चिवडा माझ्याकडे आहे. इथल्या हवेत तो दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तरी दरवर्षी माझ्याकडेच देतात.

ऑपरेशननंतर गळ्यात बसवलेल्या नळीची हळूहळू सवय होते म्हणतात. कोण म्हणतं ते मला माहीत नाही. खोडत नाही, राहू दे.

ऑगस्टमध्ये मी फोन केला तेव्हा तू रिसीव्हरवर बोटाने वाजवत होतीस. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी म्हटलं, "टेप अजून सापडली नाही गं. थांबशील ना?" तू एकदा वाजवलंस.

टेप हरवलेलीच नव्हती, मोनी. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ती माझ्या कपाटात आहे.

आता तुला ठाऊक आहे तेच पुन्हा लिहिते. क्रमाने लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तू सतरा वर्षांची असताना तुझा नाच बघून मद्रासहून सिनेमाचं बोलावणं आलं. आईला बरं नव्हतं, म्हणून एम.ए. अर्धं टाकून मी तुझ्याबरोबर आले. त्यांनी तुझं नाव इंदुमालिनी ठेवलं. आपल्या सोलापूरच्या गल्लीत सगळी तेलुगू विणकरांची घरं, त्यामुळे तेलुगू दोघींना येत होतं. आपल्याला वाटलं, सोपं जाईल. पहिल्याच दिवशी तू वाक्य म्हटलंस आणि लाइटवाल्यांपासून सगळे हसले. हे मागावरचं तेलुगू, हिरॉइनच्या तोंडी शोभत नाही म्हणे. तेव्हापासून प्रत्येक सिनेमात ओठ तुझे आणि आवाज त्या डबिंगवाल्या बाईंचा. नंतर विजयवाड्याच्या चौकात तुझं वीस फुटी चित्र लागलं. लोक गाडीला गराडा घालून म्हणायचे, अम्मा, एक डायलॉग. तू हसून हात जोडायचीस. त्यांना हवा असलेला आवाज तुझ्याकडे नव्हता.

आणि जूनमध्ये तू लिहिलंस, "ताई, चौतीस सिनेमे, आणि एकातही मी बोलत नाही. आता तर बोलणारच नाही. नागभूषणम सरांनी घेतलेल्या त्या टेस्टची टेप तुझ्याकडे असेल तर पाठव. चांगली नव्हतीच, त्यांनी नाकारली होती. पण मला एकदा ऐकायचंय."

त्यांनी नाकारली नव्हती.

सत्त्याऐंशी साली ते विणकराच्या विधवेवर सिनेमा काढत होते. त्यांना तुझंच तेलुगू हवं होतं, जसं होतं तसं. तू काचेपलीकडे माइकसमोर होतीस, आम्ही अलीकडे. स्पीकरवरून तुझा आवाज येत होता आणि टेबलावरच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर त्याची कॉपी होत होती. तुझा सीन संपला तरी ते यंत्र कुणी बंद केलं नाही. सर इंग्रजीत म्हणाले, मला हाच आवाज पाहिजे. तुम्ही मोठी बहीण, तिला ओळखता, सगळा सिनेमा निभावेल ना? मी म्हटलं, नाही सर. रडण्याच्या सीनला तिचा आवाज फाटतो. लोक पुन्हा हसतील, आणि ती ते सोसणार नाही.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तू बाहेर येऊन मला विचारलंस, "काय म्हणाले गं?" मी म्हटलं, "राहू दे म्हणाले." तू म्हणालीस, "बरं."

त्यानंतर वहिनीच्या भूमिका आल्या, आणि एकतिसाव्या वर्षी तू आई झालीस, तुझ्याहून मोठ्या नटाची.

मी असं का केलं? सहा वर्षं तुझी वाक्यं मी पाठ करून घेत होते. तू स्वतः बोलायला लागलीस तर माझं काय काम, असं वाटलं असेल. किंवा अवधूतचं स्थळ आलं होतं आणि मला सुटायचं होतं. ही दोन कारणं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून दोन्हींवर माझा विश्वास नाही. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलंय, "मोनीच्या भल्यासाठी आज कटू बोलावं लागलं." 'भल्यासाठी'च्या आधी शाईचा मोठा ठिपका आहे. पेन तिथे बराच वेळ थांबलं होतं.

गुरुवारी चैत्रालीने टेप लावून टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडला. मी ती एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ऐकली. तुझा आवाज रडताना फाटतो, मोनी. तिथेच तो सगळ्यात चांगला आहे.

"मावशी सॉलिड आहे," चैत्राली म्हणाली. पुढे सरांचं आणि माझं बोलणं आलं, तेही तिला कळलं. सगळं इंग्रजीतच होतं ना.

"आई, हे मावशीला माहिती आहे?"

"नाही."

"मग लास्ट बिट काढून टाकते. शी वोन्ट नो."

"काढ," मी म्हटलं.

तिने काढला आणि सीडी करून दिली. "आता ओके?" तिने विचारलं. मी हो म्हटलं, तरी ती माझ्याकडे बघत राहिली. सीडी तीन दिवस तुझा पत्ता लिहिलेल्या पाकिटात आहे. आज सकाळी मी ती बाहेर काढली.

बाबांचा टेपरेकॉर्डर अजून चालतो, असं तू लिहिलं होतंस. पहिली सात मिनिटं फक्त तुझी आहेत. ती हवी तितक्या वेळा ऐक. त्यानंतर मी आहे. तिथे बंद केलंस तरी चालेल, पण ते कापून मी तुला पाठवणार नाही.

पुढच्या महिन्यात फोन करेन. तू वाजवलं नाहीस तरी मी थोडा वेळ रिसीव्हर धरून बसेन.

ताई म्हणायचं की नाही ते तुझ्यावर सोपवून,
सुचेता

(डायरीत) उद्या, साडेनऊला पोस्टात: कॅसेट द्यायची, सीडी नाही.