पाच विषम, बेरीज तीस

मंगळ., १३ जाने.
कासार आंबोलीत खोली घेऊन दोन महिने झाले. घरून काम. पण दुपारी मीटिंग सुरू झाली की घरमालकीण हौसाकाकू उंबऱ्यात येऊन बसणारच. आज वैतागून त्यांना गणित घातलं: १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५. यातले कुठलेही पाच घ्या, तेच परत घेतले तरी चालतील, बेरीज तीस करा.
होणार नाही, हे मला माहीत. पाच विषम संख्यांची बेरीज विषमच येते. एम.एस्सी. शेवटी याच कामाला आलं.

गुरु., १५
दोन दिवस शांतता. काकू ओट्यावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे. "येकदा एकोणतीस येतंय, येकदा येकतीस. तीस काय येईना." मी "प्रयत्न करा" म्हणाले. सगळी कामं वेळेत.

सोम., १९
गणित बचत गटात नेलं त्यांनी. "आमच्या पोरीनं घातलंय" म्हणून. पुतण्या पिरंगुटला कारखान्यात असतो, तो म्हणाला, "काकी, तुजं काम न्हाई ते." सांगताना हसल्या, पण...
चौथीत शाळेतून काढलं होतं त्यांना, धाकट्या भावाला सांभाळायला. "गणितात पैला नंबर असायचा माजा." एवढंच बोलल्या. 

गुरु., २२
सांगायला गेले. "काकू, त्या गणितात—"
"गप. सांगू नगंस. माजं मी काडते."
परत फिरले. खरं म्हणजे, गप्प बसायला मिळालं म्हणून बरंच वाटलं. त्याचीच लाज.

गुरु., २९
काकूंची हाक. ओट्यावर वाल मांडलेले. प्रत्येक आकड्याच्या जोड्या, आणि प्रत्येकात एक दाणा सुटा.
"ह्ये बघ. पाच आकडं, पाच येकलं. चौघांच्या जोड्या लागत्यात, पाचवा ऱ्हातोच. तिसात कुनीच येकलं न्हाई. मंग व्हनार कसं?"
पूर्ण सिद्धता. कुठे बोट ठेवायला जागा नाही.
मग एका दाण्याभोवती तीन मांडले, त्याभोवती पाच, मग सात. दरवेळी चौकोन. एक, चार, नऊ, सोळा. विषम संख्यांच्या बेरजेचं हे सूत्र मला पाठ होतं, असं हाताने मांडून कधी पाहिलं नव्हतं.
"तुला ठावं हुतं का गं, व्हत न्हाई म्हणून?"
"नाही काकू. आकडा सांगताना चुकला माझा."
पाठीवरून हात फिरवला. "हुतंय. किती काम असतंय तुला."

शुक्र., ३०
पुतण्या भेटला रस्त्यात. हसत होता. "काकीनं गणितच चुकीचं उतरून घेतलं म्हनं. बायकांना तसं सांगत हुती." म्हणजे चूक स्वतःवर घेतली. माझं नाव येऊ नये म्हणून. मी त्याच्यासमोरसुद्धा काही बोलले नाही.
उद्या चारला गटाची बैठक. काकू वाल मांडून दाखवणार. मला बरोबर ये म्हणाल्यात, मी हो म्हटलंय. वाटेत सांगावं? की तिथेच, सगळ्या बायकांसमोर? पुतण्याला तर सांगायलाच हवं.
आत्ता साडी घेऊन आल्या होत्या, इस्त्री करून दे म्हणून. करून दिली. दहा मिनिटं दोघीच होतो खोलीत. तेव्हाही नाही सांगितलं.