कोपरा फाटलेलं कार्ड

नांदेड, २२ एप्रिल २०२५

ती. बसम्माकाकूस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे पत्र. सत्यम म्हणतो, आपल्या दारी पोस्टमन येतो तो फक्त काकूमुळं. पारा त्रेचाळीसवर आहे. शेजारच्या तारामतीबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्यात आणि कावळे हाकलायला मला बसवलंय.

मन कशातच लागत नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून काकांनी या घराची पायरी चढू नको म्हटलं, त्याला दोन उन्हाळे झाले. ते स्वतः ये म्हणेपर्यंत मी निलंग्याला येणार नाही. बाबांच्या मागं त्यांनीच वाढवलंय मला, हट्टही त्यांचाच घेतलाय. त्यांना उन्हात टोपी घालायला सांग. मी सांगितलं म्हणू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी दामिनी

निलंगा, २ मे

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नळ आठ दिवसांनी येतो. मला हाक ऐकू येत नाही म्हणून माझं पाणी नागुबाई भरते. भरते अर्धा तास आणि गल्लीला ऐकवते आठ दिवस. मला ऐकू येत नाही ते बरंच म्हणायचं.

तुझे काका रोज भर दुपारी बसस्टँडवर जातात. विचारलं तर म्हणतात, तिथं हवा लागते. परवा तिथंच चक्कर येऊन पडले. माणिकप्पानं रिक्षात घालून आणलं. आता बरे आहेत, पण ऐकत नाहीत. मला लई घोर लागलाय.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी काकू
ता. क.

नांदेड, ११ मे

ती. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

परवा गल्लीसमोर तमाशा झाला, रागावू नकोस. तुझ्या कार्डाचा खालचा कोपरा फाडलेला होता. आपल्याकडं मयताच्याच पत्राचा कोपरा फाडतात. चक्कर येऊन पडले एवढं वाचलं आणि पुढची अक्षरं दिसेनात. काकांचा फोन बंद होता. मिळेल ती एसटी धरली, लातूरला बदलली. तुझ्या कपाळाकडं कसं बघायचं, हाच विचार वाटभर होता.

दारात काका घागर घेऊन उभे. मी गळ्यात पडून रडले, तर म्हणाले, मी अजून जिता हाय, आणि आत गेले. ये म्हणाले नाहीत. म्हणून तू ओढत असताना मी पायरी चढले नाही, बाहेर उभ्यानं पाणी पिऊन परतले. काकू, मला फार लागलंय ते. कार्ड कुणी फाडलं तेवढं कळव.

तुझी, तुझीच
दामिनी

निलंगा, १७ मे

चि. दामिनीस,
आशीर्वाद.

कार्ड पोस्टात टाकायला मीच नेलं होतं. वाटेत वाचलं. तुझी काकू नको ते लिहिते. तेवढा कोपरा फाडून खिशात घातला, बाकीचं पेटीत टाकलं. गावभरच्या मयताची कार्डं मीच लिहीत आलो, पण आपण काय पाठवतोय ते त्या वेळी ध्यानात आलं नाही.

तू उन्हात उभ्यानं पाणी पिऊन गेलीस, तेव्हापासून घास उतरत नाही. सत्यमरावांना घेऊन ये. तुकडा सोबत आहे. लिहिलंय ते खरं आहे.

तुझा काका
रेवणसिद्ध

(सोबतचा तुकडा, काकूच्या अक्षरात)

हवा कसली? नांदेडच्या गाडीतलं शेवटचं माणूस उतरेपर्यंत उन्हात उभे असतात.