साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन

मानसरोवर, जयपूर
८ जुलै २०२४

चि. अनुया हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल रविवारचा तुझा व्हिडिओ कॉल मी उचलला नाही. त्याआधीच्या रविवारीही नाही. तू काळजीने खालच्या मजल्यावरच्या सुखदेवजींना वर पाठवलंस. ते चहा पिऊन गेले. माझी प्रकृती ठीक आहे. कारण फोनवर सांगता येईना, म्हणून लिहितो.

तुझी आई होती तेव्हा ती साखरेच्या डब्याला फोन टेकवून टेबलाशी बसायची, मी बाजूला. तुला माझा फक्त कान दिसायचा. मला तेवढं पुरे होतं. ती गेल्यापासून फोनच्या कोपऱ्यातल्या चौकोनात मी एकटाच दिसतो. नजर तिकडेच जाते आणि बोलणं सुचत नाही. बँकेच्या काउंटरवर जन्म गेला, समोरच्याकडे बघायची सवय आहे; स्वतःकडे नाही.

तू असल्याच कॉलचं काम करतेस, म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. माया आहे तशीच आहे.

बाबा

पुणे
१६ जुलै

ती. बाबांना सा. न. वि. वि.

माझ्या नावाने आलेलं हे पहिलंच पत्र. शुद्धलेखन तपासू नका. माझी मराठी हिंदीच्या आधाराने चालते, इथे सगळे हसतात.

आमच्या मेसेजिंग ॲपमधला व्हिडिओचा चौकोन मी नव्याने आखते आहे. तो लहान-मोठा करता येईल, हवा तिथे सरकवता येईल. त्यात आपला चेहरा फक्त आपल्यापुरता झाकायची सोय मी काल मांडली. आमची मुख्य, आसावरी, म्हणाली की ही कोणाला लागणार? मी तुमचं नाव घेतलं नाही. मतलब, इतकंच म्हटलं की एकाला लागते, तर अजून पुष्कळांना लागत असेल.

चाचणीची प्रत तुम्हाला पाठवली आहे, सुखदेव अंकल फोनमध्ये घालून देतील. तुमच्या चौकोनावर बोट दाबून धरा, तो जाईल. नाही उचललात तर रागावणार नाही, पण अंकल पुन्हा चहाला येतील.

तुमची, अनू

जयपूर
२९ जुलै

चि. अनुयास आशीर्वाद.

काल चौकोन गेला आणि माझं तोंड सुटलं. भाजीवाल्या भैयाशी झालेली हुज्जत, आईच्या तुळशीला आलेल्या मंजिऱ्या, इतकं मी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. पण तू मध्येच डोळे पुसलेस, ते मला दिसलं. माझं काही चुकलं का? मोकळेपणाने लिही.

बाबा

पुणे
३ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं नाही, माझं चुकलं. तुम्ही तुमच्या जुन्याच जागी बसला होतात आणि डबा आईच्या खुर्चीसमोर होता. मला सगळा वेळ तिची रिकामी खुर्ची दिसत होती आणि कडेला तुमचा कान. सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात, म्हणून मी खुर्चीशीच बोलत राहिले.

तुमचा चेहरा झाकून दिला, पण आपण दिसतोय की नाही हे माणसाला कसं कळणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आसावरी म्हणते, तुम्ही दिसत नाही आहात अशी सूचना घालू. माझं मन होत नाही. ती सूचना वाचून तुम्ही पुन्हा कॉल घेणं बंद कराल अशी भीती वाटते. तरी बाबा, मला तुम्हाला बघायचंय.

अनू

जयपूर
९ ऑगस्ट

चि. अनुयास अनेक आशीर्वाद.

सूचना घाल. लोकांच्या उपयोगाची आहे.

मी तिच्या खुर्चीत बसून पाहिलं, जमलं नाही. मग खुर्ची तिथेच ठेवली आणि साखरेचा डबा वीतभर मागे घेतला. सुखदेवजींना खालून कॉल करायला लावला आणि माझा चौकोन उघडून पाहिला. तिची खुर्ची मावते. शेजारी मीही मावतो, दोन्ही कानांसकट. दाढी तेवढी वाढली आहे, ती रविवारपर्यंत करतो.

चौकोन मग झाकला नाही. डब्याला हात लावू नये असं कामवाल्या मालनबाईंना सांगून ठेवलं आहे.

कॉल कर. वाट बघतो.

बाबा