टॅब मी नेलाय

निशा,

तुझं लग्न झालं त्या वर्षी मी नवा टीव्ही भांड्याच्या पावडरीनं घासला आणि काचेवर ओरखडे पडले. तेव्हापासून "आत्याबाई, स्क्रीनला हात लावू नका" हेच ऐकतेय. आज हात लावला.

ह्यांचा टॅब पुसून काढला. आधी बंद केला, मग गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं मऊ फडकं कोरडंच फिरवलं. तेलकट डाग निघेनात तिथं फडक्याचं टोक जरासं ओलं केलं, काचेवर पाणी टाकलं नाही. फडकं धुऊन दोरीवर घातलंय, ते ओट्याला घेऊ नकोस.

काल आकाश म्हणाला, "आई, हा देऊन नवा घेऊ, ह्याच्यात काय ठेवलंय?" तूही मान हलवलीस. त्याला जबाब आज देतेय. टॅब घेऊन मी लासूर स्टेशनला, माझ्या बहिणीकडं, पारूकडं चाललेय. तिला अक्षरं शिकायचीत. काचेवर बोटानं क काढायचा, पुसायचा, परत काढायचा. साठीनंतर मी ह्याच काचेवर अशीच शिकले, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या हातात आहे. बोटांचे डाग लई पडतील. ते मला पुसता येतात.

भाकरी टोपल्यात आहेत. आकाशला म्हणावं, मला न्यायला येऊ नको, पारू वाचायला लागली की मी येईन. टॅब विकायचा नाय. तुला ठाऊक आहे, तरी माझ्या हातानं लिहिते: तो ज्यांचा, ते तुझे सासरे सखाराम, यंदा बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारले.

पुतळाबाई