यादीतलं नाव

तासगाव, रविवार संध्याकाळ

माझ्या रेशनकार्डावरची माणसं मोजायला पुण्याच्या घरी इन्स्पेक्टर येणार, म्हणून आईला दोन दिवसांसाठी पुण्याला न्यायला आलो. तिनं कॉम्प्युटरवरचं माझं काम विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "रोज लागणाऱ्या फायली डिस्कवर. फार दिवस न लागलेल्या कपाटात ठेवायच्या टेपवर हलवतो, डिस्कच्या यादीत नाव तेवढं ठेवतो. गरज पडली की परत आणायच्या."

"म्हंजी माज्यावानीच की रं," आई हसली. "नाव तुज्या कार्डावर, आन मी हितं."

मला का हसता आलं नाही? तिच्या नावाची साखर दर महिन्याला मीच उचलतो. इथं ती गुळाचा चहा पिते.

पिशवीत तिनं चार लुगडी भरलीत. दोनच दिवस, हे मी अजून सांगितलेलं नाही.