वडिलांच्या रायफलची नळी

३ ऑक्टोबर, सोमवार
वडिलांची जुनी, खालचा लिव्हर ओढून गोळी भरायची रायफल अखेर माझ्या घरी. धाकटा भाऊ वेंडेल गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, डोरीनने, ती आणून दिली. शिकारीचा मोसम सुरू होईल त्या दिवशी गावच्या म्युझियममधली नवी प्रदर्शनाची भिंत खुली होणार. तिथे एकच रायफल लागेल, तिचा प्रत्येक भाग मूळचा हवा, आणि खाली मालकाचं नाव. ते आमच्या वडिलांचंच असेल.

५ ऑक्टोबर
डोरीनवर विश्वास नाही. वेंडेलच्या आजारपणात तिच्या भावाचं येणं-जाणं फार होतं, आणि तो जुन्या बंदुकांचे सुटे भाग विकतो. सगळं स्वतः तपासणार. केमिस्ट्रीची पदवी शोभेला घेतली नव्हती.

६ ऑक्टोबर
दस्ता ठीक. लिव्हर ठीक. नळीवरची अक्षरं तपकिरी थराखाली वाचता येईनात. डोरीनचा आळस, दुसरं काय. तिचा ओव्हनही असाच. व्हिनेगर आणि तारेची घासणी घेऊन बसले. अक्षरं स्वच्छ दिसली. इतकी वर्षं हे कुणाला सुचू नये.

७ ऑक्टोबर, सकाळी
उजेडात पाहिलं आणि हबकले. नळी पांढरी लख्ख, बाकी रायफल तपकिरी. एकाच वयाच्या भागांचे रंग इतके वेगळे असूच शकत नाहीत. नळी बदललेली आहे. संशय होताच.

९ ऑक्टोबर, रविवार
चर्चनंतरच्या कॉफीला नळीच्या अदलाबदलीचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोलले. सगळ्यांसमोर. डोरीनने केक कापायची सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "व्हर्ना, मी त्या रायफलची कधी धूळसुद्धा पुसली नाही."
म्हणजे निष्काळजीपणाची कबुलीच.

१२ ऑक्टोबर
तिच्या भावाचा फोन. अर्वाच्य. मी ऐकून घेतलं नाही. निवृत्त डेंटिस्ट हुसेबींना बोलावलंय. बंदुकांबाबत म्युझियम त्यांचंच ऐकतं. डोरीनलाही बोलावलंय. तोंड पाहायचंय तिचं.

१५ ऑक्टोबर
हुसेबींनी भिंग लावून नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग विचारलं, कशाने घासलीस? मी म्हटलं, स्वच्छ केली.
"नळी मूळचीच आहे, व्हर्ना. सगळंच मूळचं आहे. तो तपकिरी रंग शंभर वर्षांत चढतो, तेव्हा आम्ही रायफलला खरी म्हणतो. तू तो भांड्यासारखा घासून काढलास."
डोरीन कोटही न काढता बसली होती. मी म्हटलं, डेंटिस्टांना सगळीकडे कीडच दिसते. कोणी हसलं नाही.
माफी मागायचा प्रश्न येत नाही. संशय शास्त्रशुद्ध होता.

१८ ऑक्टोबर
हुसेबींचा फोन. भिंतीवर दुसऱ्या घराण्याची रायफल लागणार. आमची हवी आहे, पण बाथरूमच्या दाराजवळ: जुन्या रायफलचं काय करू नये याचा नमुना म्हणून. मालकाचं नाव घालू का, म्हणाले. वडिलांचं नाव तिथे, त्या कारणासाठी? 'मालक अज्ञात' असं लिहायला सांगितलं. निर्णय विचारपूर्वक.

२२ ऑक्टोबर
उद्घाटनाला गेले नाही. गुडघा.
शेजारचा लायल जाऊन आला. पाटीवर 'अज्ञात'च आहे म्हणे. पण डोरीन तिथे खुर्ची टाकून बसली होती. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "ही माझ्या सासऱ्यांची. घासली माझ्या नणंदेने."
निदान वडिलांचं नाव लोकांना कळलं. मला हवं होतं तसं.
उद्याही जाणार आहे म्हणे ती.